आपल्याच बाजूचे

भुकूममध्ये मोठ्या रस्त्यापासून आत वळलं की नथूचं दुमजली घर लागतं. खाली नथू राहतो आणि वरच्या पाच खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत. पिरंगुटच्या कारखान्यांत, हिंजवडीच्या कंपन्यांत कामाला जाणारी पोरं तिथे राहतात. अशी घरं आता आपल्याकडे गल्लोगल्ली झाली आहेत, त्यात नवल काही नाही.

वरचा मजला चढला तेव्हा नथूने घरात एक नियम केला. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. वर परकी पोरं राहतात, तेव्हा घरातल्या बायकांचा आवाज जिन्यावर जाता कामा नये. हसायचं ते हळू. हाक मारायची नाही, जवळ जाऊन सांगायचं. भाडेकऱ्याला काही हवं असेल तर त्याने नथूला विचारायचं आणि नथूनेच उत्तर द्यायचं. नथूच्या मनात पाप नव्हतं. घरात पोरगी वाढत होती, तिची काळजी होती. गावातल्या चार लोकांनी त्याचं कौतुकच केलं.

त्याची बायको सगुणाबाई हिने तो नियम सात वर्षं पाळला. चौदा महिन्यांपूर्वी ती गेली. पोटाचं दुखणं होतं. पुण्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात.

आता घरात नथू आणि वीस वर्षांची सृष्टी अशी दोघंच उरली. नथूला स्वयंपाक शिकावा लागला. चौदा महिने झाले तरी तुरीची डाळ कुठल्या डब्यात आणि हरभऱ्याची कुठल्या, हे त्याला झाकण उघडूनच कळायचं. घर इतकं शांत झालं होतं की कुकरची शिट्टी झाली तरी कोणी आल्यासारखं वाटायचं.

सृष्टी कॉलेजला जाई, येई, घरकाम करी. विचारलं तेवढं बोले. रविवारी दुपारी मात्र जेवण उरकलं की ती दार लोटून कॉम्प्युटरपुढे बसायची. कानाला हेडफोन. आतून फक्त बटणांचा आवाज यायचा. तीन-तीन तास पोरगी त्या गोळीबाराच्या खेळात गुंतलेली. नथूला ते सलायचं. आपल्याशी बोलायला हिला दहा मिनिटं नाहीत आणि त्या डबड्यापुढे बसायला अख्खी दुपार आहे, असं त्याच्या मनात यायचं.

त्या रविवारी नथूने गॅसवर भाजी ठेवली आणि पाण्याची मोटर बघायला तो मागे गेला. जाताना त्याने सृष्टीला तीन हाका मारल्या, भाजीकडे बघ म्हणून. तिच्या कानावर हेडफोन होते. नथू परत आला तेव्हा भाजी कोळसा झाली होती. त्याने कढई मोरीत टाकली, तडक जिन्याखाली गेला आणि इंटरनेटच्या डबीचं बटण बंद केलं.

दोन मिनिटं झाली नसतील तोच जिन्यावर चपला वाजल्या. पुढे साहिल, मागे त्याचा खेळ बघत बसलेले आणखी दोघं. साहिल कराडकडचा, पिरंगुटला एका कारखान्यात माल तपासायच्या कामाला. दोन वर्षं राहत होता. भाडं वेळेवर, वागणं आदबीचं. सगुणाबाईच्या मयतीला त्याने खांदासुद्धा दिला होता.

"काका, नेट गेलंय का?" त्याने विचारलं.

"गेलं न्हाई. मी घालवलंय."

"अहो काका, मॅच चालू आहे. तिकडं मरतोय आम्ही."

"मरा. हितं माझी भाजी मेली."

पोरं हसायला लागली. एक जण म्हणाला, "काका, भाजी आम्ही हॉटेलातून आणून देतो. पण आधी नेट लावा."

"आणि मध्येच सोडून गेलो ना काका," साहिल म्हणाला, "तर तो गेम आठवडाभर आत घेत नाही. पुढच्या रविवारी फायनल आहे आमची. प्लीज."

नेटचे पैसे भाड्यातच घेतले होते, त्यामुळे नथूचा नाइलाज होता. त्याने बटण लावलं. पोरं धाडधाड जिना चढून गेली.

नथूने सृष्टीच्या खोलीचं दार उघडलं. ती भांडेल, रडेल असं त्याला वाटलं होतं. ती मांडीवर हात ठेवून थांबलेल्या पडद्याकडे बघत बसली होती. "तुम्ही बंद केलं होतं का?" एवढंच तिने विचारलं. तो 'व्हय' म्हणाला आणि तिने मान हलवली. संपलं. सगुणाबाईही अशीच मान हलवायची. नथूला एकदम थकल्यासारखं झालं. तो तिच्या कॉटवर टेकला.

"दाखव मला," तो म्हणाला. "एवढं काय हाय ह्यात, बघू तरी."

सृष्टीने आश्चर्याने त्याच्याकडे पाहिलं. पडदा पुन्हा हलायला लागला. एक बंदूक, ती धरलेले दोन हात, पुढे दगडी भिंत.

"ह्यात माणूस कुटं हाय? नुसते हातच दिसत्यात."

"ते हात माझे, आप्पा. मीच तिथं उभी आहे असं समजायचं. जे दिसतं ते माझ्या डोळ्यांनी."

मग तिने सांगितलं. पाच जण या बाजूला, पाच त्या बाजूला. एका बाजूने बॉम्ब नेऊन ठेवायचा, दुसरीने अडवायचं. खेळ फुकट आहे, म्हणून शाळकरी पोरापासून कंपनीतल्या साहेबापर्यंत कोणीही खेळतं. मुळशीतल्या चाळीसेक पोरांनी ग्रुप केला आहे आणि आपसांत सामने लावले आहेत. सृष्टीच्या बाजूला भरे गावचे दोघं, पौडचा अतीक नावाचा एक आणि आणखी एक जण आहे. त्या ग्रुपवर तिचं नाव 'घाट' आहे. पुढच्या रविवारी त्यांची फायनल आहे.

नथू बघत राहिला. त्याला खेळ कळत नव्हता, पण एक गोष्ट लक्षात आली. सृष्टीला सगळ्यांच्या आधी दिसायचं. कोण कुठून येणार हे ती ओळखायची आणि घाईघाईने टाइप करून बाकीच्यांना कळवायची. पण टाइप करेपर्यंत उशीर व्हायचा. दोनदा तर टाइप करतानाच तिला गोळी लागली.

"बाकीची तोंडानं सांगत्यात का टाइप करून?"

"तोंडानं. हेडफोनला माइक असतो."

"मग तू का न्हाई सांगत? बोटं मोडत बसण्यापरीस बोल की."

"मी नाही बोलत, आप्पा."

"का? लाज वाटतीया? आगं, बोलायला काय पैसं पडत्यात का? तुज्यामुळं ती चार पोरं हरत्यात, एवढं मला अडाण्यालाबी कळतंय."

सृष्टीने बापाकडे बराच वेळ पाहिलं. मग हेडफोनची आवाजाची पिन काढली, माइकची तशीच ठेवली, तसा आवाज बाहेर मोठ्याने यायला लागला. तिने एक बटण दाबलं आणि माइक तोंडाशी धरला.

"डावीकडं दोघं आहेत. पुढं जाऊ नका, थांबा."

एवढंच बोलली ती. स्पष्ट, चांगलं बोलली.

मग एक जण किंचाळल्यासारखा हसला. "अरे, घाट पोरगी आहे!"

"भाकऱ्या झाल्या का गं?" दुसरा म्हणाला. "का करपल्या?"

"माइक बंद कर, घरी आई मारेल."

आणि मग घाण सुरू झाली. ते शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. बाईच्या शरीराबद्दल जे बोलता येईल ते सगळं ती पोरं बोलली. हसत बोलली. नथू ट्रकवर क्लीनर म्हणून राहिलेला माणूस, शिव्या त्याला नव्या नव्हत्या. पण त्या त्याच्या लेकीच्या नावाने, त्याच्या घरात, त्याच्या समोर बोलल्या जात होत्या.

त्याच वेळी त्याला काहीतरी विचित्र वाटलं. त्या तिघांमधला एक आवाज दोनदा येत होता. आधी छतातून, दबका. आणि लगेच तेच शब्द स्पीकरमधून.

"आवाज तरी गोड काढ, राणी," छत म्हणालं.

"आवाज तरी गोड काढ, राणी," स्पीकर म्हणाला. आणि पुढचं वाक्य तर नथूने कान असून ऐकलं नाही असं केलं.

त्याने वर पाहिलं. मग सृष्टीकडे.

"साहिल आहे तो," ती शांतपणे म्हणाली. तिने माइक बंद केला होता.

"ही पोरं समोरच्या पार्टीची हायेत का?"

"नाही आप्पा. आपल्याच बाजूचे आहेत."

"तुला ठावं होतं? साहिल हाय म्हनून?"

"पाच महिने झाले. मागं मी एकदा बोलले होते, तेव्हाही हेच झालं. मग नाव बदलून परत आले आणि गप्प बसले."

"आणि मला सांगितलं न्हाईस? तो दर महिन्याला हितं दारात येतो, 'काका, काका' करतो, आणि तू..."

"तुम्ही काय केलं असतं?" सृष्टी म्हणाली. "कॉम्प्युटर काढून घेतला असता."

ते खरं होतं.

तो उठला. दाराआड गाई हाकायची जुनी काठी होती, ती त्याने घेतली. सृष्टी मागून "आप्पा, नको" म्हणत राहिली. तो जिन्यापाशी पोहोचला तेवढ्यात फाटकातून हसिना सिस्टर आत आल्या.

हसिना सिस्टर तीस वर्षं मुळशीतल्या वाड्या-वस्त्यांवर नर्स म्हणून फिरल्या होत्या. निवृत्त होऊनही लोक त्यांना सिस्टरच म्हणत. याच गल्लीत राहायच्या आणि दर रविवारी नथूचं ब्लडप्रेशर मोजायला यायच्या. त्यांनी काठीकडे पाहिलं, नथूच्या तोंडाकडे पाहिलं.

"काठी ठेवा आणि हात पुढे करा," त्या म्हणाल्या.

"सिस्टर, आता न्हाई."

"आत्ताच. बसा पायरीवर."

त्यांना नाही म्हणायची गावात कोणाची छाती नव्हती. नथू बसला. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, यंत्राकडे पाहिलं. "एकशे ऐंशी. वर गेलात तर पोराच्या आधी तुम्हीच पडाल. काय झालं ते सांगा."

नथूने सांगितलं. शब्द गाळून सांगितलं, पण सिस्टरना कळायचं ते कळलं. सृष्टी दाराशी येऊन उभी राहिली होती.

"आज त्याला हितनं हाकलतो," नथू म्हणाला.

"हाकला. मग?"

"मग काय, घाण गेली घरातनं."

"बोलणारे तिघं होते म्हणता. बाकी दोघांना कुठल्या घरातनं हाकलणार?"

"मग हिचा खेळ बंद. लई सोपं हाय. एवढं काय नडलंय त्या खेळावाचून?"

"तोंड त्यांचं घाण आणि बंद करायचं हिचं?" सिस्टर म्हणाल्या. "वा, नथूभाऊ. उद्या हिला नोकरी लागेल, तिथं कोणी असाच बोलेल, मग नोकरी बंद. बसमध्ये बोलेल, बस बंद. किती बंद करणार? आणि एक सांगा, तो पोरगा दोन वर्षं तुमच्या डोक्यावर राहतोय. त्याने हिचा आवाज ओळखला कसा नाही?"

"कसा ओळखणार? त्याच्या कानावर हिचा आवाज कधी पडलाच..."

नथू थांबला.

पट्टा सोडून सिस्टरनी त्याची गुंडाळी केली. मग म्हणाल्या, "सगुणा मुठ्याची. लग्न होऊन आली तेव्हा तिची हाळी आठवते तुम्हाला?"

नथूला आठवत होती. मुठा खोऱ्यातली माणसं या शेतातून त्या शेताला हाळी देतात. नवी नवरी सगुणा घरून भाकरी घेऊन निघाली की बांधावरून एक हाळी द्यायची आणि टेकडीवरच्या वावरात नथूला ती ऐकू यायची. बाकीचे गडी त्याला चिडवायचे, आला रे तुझा भोंगा.

"ती माझ्याकडे आली होती," सिस्टर म्हणाल्या. "जायच्या दीड वर्ष आधी. ओटीपोटात कळ येते म्हणाली. अंगावरून जातं म्हणाली. मी म्हटलं, घरी सांग, तपासून घेऊ. तर शपथ घातली मला. म्हणाली, कळ आली की मी पदराचा बोळा तोंडात धरते, सिस्टर. वर पोरं असतात. कण्हायचा आवाज वर गेला तर हे रागावतील."

नथू जिन्याकडे बघत राहिला. सृष्टीने दाराची चौकट धरली. हे तिलाही माहीत नव्हतं.

"मी तिला कण्हू नको असं कधीच म्हनलो न्हाई," नथू कसाबसा म्हणाला.

"नाही म्हणालात. आवाज वर जायला नको म्हणालात. त्यातला कुठला जावा आणि कुठला नको, हे तिने कोणाला विचारायचं?"

नथूने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"तुम्हाला एकट्याला बोल लावत नाही," सिस्टर म्हणाल्या. "मी तीस वर्षं बायकांना सांगत फिरले, दुखणं अंगावर काढू नका. आणि ज्या दिवशी बोलायचं होतं त्या दिवशी शपथ घातली म्हणून मी गप्प बसले. ते माझं पाप. ते मी घेऊनच जाणार आहे. पण ही पोरगी बघा. हिला पाच महिने त्रास आहे आणि घरात कोणाला पत्ता नाही. कोणाकडून शिकली ही?"

वरून पोरांच्या हसण्याचा आवाज आला. कोणीतरी खुर्ची सरकवली. मग नथूने काठी पायरीखाली टाकली आणि लेकीकडे वळून विचारलं, "तुझं काय म्हणणं हाय?"

घर बांधल्यापासून हा प्रश्न त्याने कोणालाच विचारला नव्हता.

"मला फायनल खेळायची आहे," सृष्टी म्हणाली. "बोलून खेळायची आहे, माझ्या नावानं. आणि साहिल जे बोलला ते सगळ्यांनी ऐकलंय, तर तो चुकला हेही सगळ्यांनी ऐकावं."

"बोलाव त्याला," नथू म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "न्हाई. तूच हाक मार."

सृष्टी जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहिली. "साहिल!" तिने हाक मारली. पहिल्या वेळी आवाज घशातच राहिला. दुसऱ्या वेळी समोरच्या घरातलं कुत्रं उठून उभं राहिलं.

साहिल खाली आला. सगळे जमलेले पाहून त्याने चपला काढल्या.

"काका, पुन्हा नेटचं काही?"

"मघाशी खेळात एक पोरगी बोलली," नथू म्हणाला. "तिला तू काय बोललास?"

साहिलचा चेहरा उतरला, पण तो हसायचा प्रयत्न करत राहिला. "ते होय? तुम्हाला खाली ऐकू आलं का? सॉरी काका. ते गेममध्ये चालतं. सगळेच बोलतात. खेळ संपला की कोणी लक्षातही ठेवत नाही. आणि कोण पोरगी होती, कुठली होती..."

"मी होते," सृष्टी म्हणाली.

साहिलने तिच्याकडे पाहिलं. मघाचाच आवाज होता. तो भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली बसला.

"ताई, आईशपथ, मला माहीत नव्हतं तुम्ही होता."

"म्हणजे दुसरी कोणी असती तर चाललं असतं?" हसिना सिस्टरनी विचारलं.

साहिल काढून ठेवलेल्या चपलांकडे बघायला लागला.

"तुला मी बहीण आठव म्हणणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "लोक तेच सांगतात. बहीण नसलेल्याने मग काय करायचं? समोर एक माणूस आहे आणि त्याला कान आहेत, एवढं पुरे. खेळात बंदूक खोटी, रक्त खोटं. तुझं तोंड मात्र खरं होतं रे. आणि हिला लागलं तेही खरं."

साहिलच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, मी खोली सोडतो. याच महिन्यात."

"काकूला खांदा दिलास तू," नथू म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. "ते मी इसरलेलो न्हाई. मघाशी मी काठी घेऊन वर येत हुतो, तेबी सांगतो. पर खोली सोडून काय हुणार? दुसरीकडं जाशील आणि तितंबी हाच खेळ खेळशील. पळून जाणं लई सोपं. जितं बोललास तितंच सांग. हिला काय पायजे ते ही सांगंल."

सृष्टीने सांगितलं. साहिलने खाली मान घालून ऐकलं. "पोरं मला सोडणार नाहीत," तो पुटपुटला.

"मला सोडलं होतं का?" सृष्टी म्हणाली.

तो आठवडा साहिल जिन्यावरून मान खाली घालून जात-येत राहिला. तो सांगेल की आयत्या वेळी दार लावून बसेल, हे कोणालाच माहीत नव्हतं. सृष्टीने मात्र ग्रुपवर 'घाट' हे नाव काढून स्वतःचं नाव लावलं. त्यावर पोरांनी जे लिहिलं ते तिने नथूला वाचून दाखवलं. नथूने पहिल्यांदाच ते पूर्ण ऐकलं आणि कॉम्प्युटर काढून घेतला नाही.

रविवार आला. नथू कॉटवर बसला. हसिना सिस्टरही आल्या. स्पीकरचा आवाज मोठा ठेवला होता. सामन्याआधी सगळी चाळीस पोरं ऐकत असतात, तेव्हा सृष्टी जोडली गेली आणि लगेच कुजबुज, शिट्ट्या सुरू झाल्या.

मग छतातून आवाज आला, आणि पाठोपाठ स्पीकरमधून.

"एक मिनिट. मी साहिल बोलतोय. मागच्या रविवारी मी सृष्टीला घाण बोललो. गंमत म्हणून बोललो. ती गंमत नव्हती. मी चुकलो. मी तिची माफी मागतो. आणि ती कोण आहे हे कळल्यावर मागतोय, याचीही मला लाज वाटते. कोणीही असती तरी चुकलोच होतो."

"काय रे साहिल, राखी बांधली का?" कोणीतरी ओरडलं. चार-पाच जण हसले. भऱ्याचा एक जण, पोरीच्या हाताखाली मी खेळणार नाही, असं म्हणून निघून गेला. नथूच्या मुठी वळल्या.

तेवढ्यात अतीकचा आवाज आला. "त्या दिवशी मी काही बोललो नव्हतो. म्हणून मला वाटलं, माझी काही चूक नाही. पण काय झालं म्हणून अम्मीने विचारलं तेव्हा सांगता येईना. मीही चुकलो. आता खेळायचं का? चौघं आहोत आपण. सृष्टी, तू सांग, कुठून जायचं."

सृष्टीने माइक जवळ घेतला. "मधून जाऊ नका," ती म्हणाली. "उजव्या गल्लीनं. माझ्या मागं या."

पाच जणांविरुद्ध चौघं. ती सांगत गेली. आधी हळू, मग मोठ्याने, मग इतक्या मोठ्याने की गल्लीतून जाणारा दूधवाला थांबून घराकडे बघायला लागला. मध्येच तिला गोळी लागली आणि पडदा बदलला. नथूला वाटलं, संपलं. पण ती बोलतच होती.

"आता का बोलतीस? तू मेलीस ना?" त्याने विचारलं.

"मेलेल्यालाही दिसतं, आप्पा. जो जिवंत आहे त्याच्या डोळ्यांनी बघायचं आणि त्याला सांगायचं, मागून कोण येतंय ते."

हसिना सिस्टरनी पदराने डोळे टिपले.

ते सामना हरले. थोडक्यात हरले. पण समोरच्या बाजूचा कप्तान म्हणाला की पुढच्या वेळी सृष्टीला आमच्याकडे घेऊ, आणि अतीक म्हणाला, घेऊन तर दाखवा. त्या दिवशी ग्रुप सोडून पाच पोरं गेली. पुढच्या महिन्यात तीन मुली आल्या. त्यातली एक मुठ्याची जुईली, दुसरी पौडची मेहविश. दोघी आधीपासूनच खेळत होत्या. नाव बदलून, माइक बंद ठेवून.

श्रावणात नथूच्या वरच्या एका खोलीतला पोरगा बदली होऊन गेला. दोन नवे खोली बघायला आले. नथूने त्यांना पाण्याची वेळ सांगितली, गाडी कुठे लावायची ते सांगितलं. मग म्हणाला, "आणि एक. खाली माझी लेक राहती. ती मोठ्यानं बोलती, मोठ्यानं हसती. रविवारी खेळताना तर लई वरडती. ते ऐकून घ्यायचं. काय लागलं तर तिलाच इचारा, तिला सगळं ठावं असतं. आणि तोंड जपून वापरायचं, समोर माणूस दिसू दे नायतर न दिसू दे. चालत नसंल तर दुसरं घर बघा."

पोरं एकमेकांकडे बघून हो म्हणाली. नथू खोलीच्या किल्ल्या आणायला खाली गेला.

नथूसारखी माणसं आपल्यात खूप आहेत. वाईट नाहीत. लेकीबाळींना जपायचं म्हणून ती त्यांचाच आवाज बंद करतात आणि ज्यांची तोंडं घाण आहेत त्यांना मोकळं सोडतात. खेळ चांगला की वाईट यावर आपण पुष्कळ भांडतो. पण खेळातली पोरं जे बोलतात, ते त्यांनी बंदुकीकडून शिकलेलं नसतं. बाईने बोलू नये हे त्यांनी आपल्याच घरांत पाहिलेलं असतं. म्हणून ज्याला आपल्या पोरांचं तोंड सुधारायचं आहे, त्याने आधी आपल्या घरात कान देऊन ऐकावं. कोण बोलतं, आणि कोण नुसती मान हलवतं?

नथूला हे फार उशिरा कळलं, आणि ज्या माणसासाठी कळायला हवं होतं ते माणूस आता नाही. तुम्हाला उशीर होऊ नये. जिला आपण हसताना आवाज खाली ठेवायला लावतो, ती दुखतानाही तो खालीच ठेवते.